खांद्याचे ऑपरेशन झाले. आता सहा महिने घराची परीक्षा



या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही खांद्याच्या ऑपरेशननंतरच्या काळजीबद्दल लिहीत आहोत. चिंचणी, तारापूर, बोईसर, वाणगाव भागातल्या आपल्या वस्त्यांमध्ये खांद्याचा त्रास नवा नाही. एमआयडीसीत गोणी आणि ड्रम उचलणारे हेल्पर, डायच्या कारखान्यात दिवसभर मान खाली घालून हातोडी चालवणारे कारागीर, चिकूच्या वाडीत हात वर करून फळे उतरवणारे मजूर, डोक्यावर हंडे वाहणाऱ्या आपल्या आया-बहिणी, बोईसर रस्त्यावर मोटारसायकलवरून पडलेली तरुण पोरे. या सगळ्यांचे पोट हातावर चालते आणि हात खांद्यावर चालतो.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत सगळे घर धावपळ करते. कागद, रक्ततपासणी, पैशांची जुळवाजुळव. मग ऑपरेशन होते, दोन-चार दिवसांत रुग्ण घरी येतो आणि घराला वाटते, सुटलो. वस्तीत फिरताना यानंतर आम्हाला दोन प्रकारचे रुग्ण भेटतात. काही जण तिसऱ्याच आठवड्यात पट्टा काढून हंडा उचलतात किंवा ठेकेदाराच्या धाकाने कामावर हजर होतात. त्यांचे शिवलेले पुन्हा सुटते. काही जण भीतीने तीन-तीन महिने हात छातीशी धरून बसतात. त्यांचा खांदा जाम होतो. दोन्हीकडे शेवट एकच. हात डोक्यापर्यंत जात नाही, केस विंचरता येत नाहीत, काम सुटते आणि "ऑपरेशनच फसले" असे वस्तीभर पसरते. ऑपरेशन बहुतेक वेळा नीट झालेले असते. नंतरचे सहा महिने कसे काढायचे हे कोणी समजावून सांगितलेले नसते. ते आज समजून घेऊ.

खांदा कसा बनला आहे

खांद्याच्या सांध्यात दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते बसते ती वाटी अगदी उथळ असते. मोठा चेंडू छोट्या बशीवर ठेवावा तसे. म्हणूनच हात पुढे, मागे, वर, गोल असा सगळीकडे फिरतो. शरीरात इतका फिरणारा दुसरा सांधा नाही. पण जो सांधा इतका मोकळा, तो तितकाच लवकर निसटणारा आणि झिजणारा.

चेंडू बशीवरून घसरू नये म्हणून चार स्नायू त्याला चारी बाजूंनी कवेत घेतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हे स्नायू हाडाला ज्या मजबूत दोऱ्यांनी जोडलेले असतात त्या कंडरा. वस्तीत आपण "नस तुटली" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ही कंडरा फाटलेली असते. वर्षानुवर्षे हात डोक्यावर करून काम केल्याने ती झिजते, वयानुसार विरते, आणि एखाद्या दिवशी जोराचा हिसका बसला की फाटते.

खांद्याची ऑपरेशने साधारण चार कारणांनी होतात. फाटलेली कंडरा पुन्हा हाडाला शिवण्यासाठी. वारंवार निखळणारा खांदा आवळण्यासाठी. मोडलेल्या हाडाला प्लेट आणि स्क्रू लावण्यासाठी. किंवा सांधा पुरता खराब झाला असेल तर कृत्रिम सांधा बसवण्यासाठी. पहिली दोन ऑपरेशने आता बहुतेक दुर्बिणीतून होतात. बाहेरून दोन-तीन बारीक छिद्रे दिसतात, त्यामुळे लोकांना वाटते की छोटेच काम झाले. आतली शिवण मात्र लहान नसते. तिला भरून यायला तेवढाच वेळ लागतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. प्रत्येक दुखऱ्या खांद्याला ऑपरेशन लागत नाही. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा आखडतो, तो बहुतेक वेळा औषध आणि व्यायामाने महिन्या-महिन्यांनी सुटतो. कंडरा थोडी फाटली असेल तर अनेकांना नीट शिकून केलेल्या तीन महिन्यांच्या व्यायामाने आराम पडतो. म्हणून डॉक्टरांना न घाबरता विचारा, "ऑपरेशनशिवाय काही मार्ग आहे का? थांबलो तर काय नुकसान होईल?" हे विचारणे उद्धटपणा नाही, तुमचा हक्क आहे. मात्र हाड मोडले असेल, खांदा निखळला असेल किंवा पडल्यानंतर हात अचानक उचलेनासा झाला असेल तर थांबू नका. तिथे भगत, वैदू, हाडे बसवणारा किंवा मालिशवाला यांच्याकडे घालवलेले आठवडे फार महागात पडतात.

फिजिओथेरपी म्हणजे मालिश नाही

आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटले की लोकांना मालिश किंवा "करंट लावणे" आठवते. शेकाची यंत्रे हा तिचा छोटा भाग आहे. फिजिओथेरपिस्टचे मुख्य काम म्हणजे कोणत्या आठवड्यात सांधा किती हलवायचा, कोणता स्नायू कधी कामाला लावायचा आणि कोणता अजून झोपू द्यायचा हे ठरवणे आणि रुग्णाला शिकवणे. ही शिकून घेतलेली विद्या आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीनंतर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने आपल्या देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा सुरू झाली. मुंबईतच हाजी अलीजवळ १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची संस्था काम करते. म्हणजे ही सोय आपल्याला परकी नाही. अडचण आहे ती चिंचणीहून तिथपर्यंतच्या गाडीभाड्याची आणि बुडणाऱ्या रोजाची.

ज्यांना रोज जाणे परवडत नाही त्यांना आम्ही असे सांगतो. आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी एकदा जा, पण जाताना घरातले एक माणूस सोबत न्या. पुढच्या पंधरा दिवसांचा व्यायाम त्या माणसालाही शिकवायला सांगा. फिजिओथेरपिस्टची परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढा. घरी तो रोज करा. महिन्यातून दोनदा शिकून रोज घरी केलेला व्यायाम हा आठवडाभर यंत्राखाली बसून घरी काहीच न करण्यापेक्षा नक्कीच जास्त उपयोगी पडतो.

रुग्णालयातून निघताना विचारायचे सहा प्रश्न

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते. तरी हे सहा प्रश्न विचारल्याशिवाय आणि उत्तरे कागदावर मराठीत लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

१. नेमके कोणते ऑपरेशन झाले?
२. पट्टा किती आठवडे? रात्री झोपतानाही का?
३. कोणती हालचाल अजिबात करायची नाही, आणि कधीपर्यंत?
४. फिजिओथेरपी कोणत्या तारखेला सुरू करायची आणि कुठे?
५. गोळ्या कोणत्या, किती दिवस?
६. टाके कधी काढायचे, पुन्हा कधी दाखवायचे?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. निखळणारा खांदा आवळलेला असेल तर हात बाहेरच्या बाजूला फिरवायला काही आठवडे बंदी असते. कृत्रिम सांधा असेल तर त्या हाताचा रेटा देऊन खाटेवरून उठायला आणि हात पाठीमागे न्यायला मनाई असते. शेजारच्या काकांना सांगितलेला व्यायाम म्हणूनच तुमच्या खांद्याला चालेलच असे नाही. पुढे आम्ही जे टप्पे देत आहोत ते कंडरा शिवण्याच्या ऑपरेशनचे साधारण वेळापत्रक आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐका.

पहिला टप्पा : पहिले सहा आठवडे. शिवण सांभाळा

ऑपरेशनआधी मानेजवळ सुई देऊन हात बधिर करतात. हा बधिरपणा बारा ते चोवीस तास राहू शकतो. तोवर हाताला चटका बसला तरी कळत नाही, म्हणून गरम पाणी, चूल, चहाचा कप लांब ठेवा. बधिरपणा उतरला की दुखणे एकदम उसळते. त्यामुळे दुखण्याची गोळी दुखू लागण्याआधीच, सांगितलेल्या वेळी घ्या.

पट्टा साधारण चार ते सहा आठवडे लागतो. या काळात खांद्याने स्वतःच्या ताकदीने काहीही उचलायचे नाही. हात वर करून बघायचा नाही, दाराला रेटा द्यायचा नाही, रिक्षात चढताना त्या हाताने दांडी पकडायची नाही. कंडरा हाडाला नुकती धरू लागलेली असते. एक जोराचा हिसका बसला तर शिवण उसवते.

पण खांदा थांबला म्हणून सगळा हात थांबवायचा नाही. जागे असताना दर तासाला बोटांची मूठ दहा वेळा वळा-उघडा, मनगट वर-खाली करा. दिवसातून तीन-चार वेळा पट्टा सैल करून कोपर हळूच वाकवा-सरळ करा. दंडाच्या पुढच्या स्नायूचीही शिवण झाली असेल तर कोपराबद्दल आधी विचारा. ताठ बसून दोन्ही पाठपाती मागे एकमेकींकडे ओढा, पाच आकडे मोजा, सोडा. यामुळे हाताची सूज उतरते आणि बोटे आखडत नाहीत.

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर लंबकाचा व्यायाम करा. चांगल्या हाताने टेबल किंवा खाट धरून पुढे वाका. ऑपरेशनचा हात सैल लोंबकळू द्या. अंग पुढे-मागे हलवा म्हणजे हात घड्याळाच्या लंबकासारखा आपोआप झुलेल. हात स्वतः हलवायचा नाही, अंगाने झुलवायचा. दोन मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा.

दुसरा टप्पा : सहा ते बारा आठवडे. खांदा मोकळा करा

आता पट्टा सुटतो. याच वेळी माणूस फसतो. दुखणे कमी झालेले असते, हात थोडा हलतो, आणि वाटते की बरे झाले. दुखणे आधी जाते, ताकद खूप नंतर येते, हे विसरू नका. या टप्प्यात चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचे नाही.

व्यायामाला पैसे लागत नाहीत. उताणे झोपा, एक काठी किंवा लांब लाटणे दोन्ही हातांत धरा आणि चांगल्या हाताच्या जोरावर दुसरा हात हळूहळू डोक्याच्या दिशेने न्या. मग भिंत. भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि बोटांनी मुंगीसारखे भिंतीवर वर चढा. जिथे बोटे थांबतील तिथे खडूची रेघ मारा आणि तारीख लिहा. दर रविवारी नवी रेघ मारा. महिन्याभरात रेघा वर सरकताना दिसतात. तीन आठवडे रेघ जागची हलली नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

तिसरा टप्पा : तीन महिन्यांनंतर. ताकद आणा

आता स्नायूंना काम द्यायचे. रबरी पट्टी दाराच्या कडीला बांधून कोपर कमरेला चिकटवून ओढायची. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली डंबेल म्हणून चालते. आधी पाव भरलेली, मग अर्धी, मग पूर्ण. भिंतीला हात टेकवून हळू रेटे द्यायचे. एका दिवशी खूप आणि मग चार दिवस काही नाही, असे करू नका. रोज थोडे करा.

हलके काम, म्हणजे बसून पॅकिंग, हिशेब, भाजी निवडणे, कामाप्रमाणे दोन ते तीन महिन्यांत जमू शकते. गोणी, ड्रम, भरलेला हंडा, डोक्यावर हात करून करायचे काम यासाठी चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. मोडलेल्या हाडाला प्लेट असेल तर एक्स-रेत हाड जुळलेले दिसल्याशिवाय वजन उचलायचे नाही. मोटारसायकल चालवणेही डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

सहा महिने ऐकून घरातली मोठी माणसे म्हणतात, "एवढे काय लाड?" त्यांना सचिन तेंडुलकरचे उदाहरण सांगा. मार्च २००६ मध्ये लंडनला त्याच्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाले. उत्तम डॉक्टर, उत्तम फिजिओथेरपिस्ट, पैशाची कमी नाही. तरी जुलैत तो हलके सामने खेळू लागला आणि सप्टेंबर २००६ मध्ये क्वालालंपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने नाबाद १४१ धावा केल्या. शिवणीला भरून यायला लागणारा वेळ श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच लागतो. त्याला कुणी आळशी म्हटले नाही. मग गोणी उचलणाऱ्या आपल्या भावाला का म्हणावे?

दुखणे किती सोसायचे?

व्यायाम करताना ओढल्यासारखे, ठसठसल्यासारखे दुखणारच. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारे, असे मोजा. चार-पाचपर्यंत चालेल. व्यायामानंतर तास-दोन तासांत ते पुन्हा पहिल्यासारखे झाले तर व्यायाम योग्य आहे. रात्री झोप उडाली किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलेच असेल, तर पुढच्या दिवशी व्यायाम निम्मा करा, पण बंद करू नका. सुरी खुपसल्यासारखी कळ आली किंवा "कट्" असा आवाज होऊन ताकद गेली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

व्यायामाआधी अर्धा तास सांगितलेली गोळी घेतली तर व्यायाम नीट होतो. व्यायामानंतर कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे ठेवा, थेट कातडीवर नाही. मेडिकलमधून मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने खाऊ नका. त्यांनी पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंड खराब होते. आणि ऑपरेशनच्या खांद्याला तेल लावून रगडणारा, "एक झटका देतो, मोकळा होईल" म्हणणारा कोणीही असो, त्याला हात लावू देऊ नका.

झोप, अंघोळ, कपडे, जेवण

पहिले काही आठवडे आडवे झोपले की खांदा ठणकतो. पाठीमागे उशा किंवा गोधड्यांची उतरण करून अर्धवट बसून झोपा आणि कोपराखाली घडी घातलेली चादर ठेवा. त्या कुशीवर झोपू नका.

काख धुताना हात वर करायचा नाही. पुढे वाकून हात लोंबकळू दिला की काख आपोआप उघडते. ती पुसून कोरडी ठेवा. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत काखेत लगेच खाज सुटते आणि बुरशी होते. टाके असेपर्यंत जखम भिजवू नका, हळद किंवा राख लावू नका.

कपडे घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना तो शेवटी. बायांनी पुढून हुक असलेला सैल ब्लाऊज किंवा पुढून उघडणारा गाऊन वापरावा.

शिवण भरायला प्रथिने लागतात. अंडी, डाळ, कडधान्ये, शेंगदाणे आणि आपल्या बाजारात मिळणारे सुके बोंबील, सुकट यातून ती मिळतात. रक्तदाब असेल तर खारवलेली मासळी धुऊन, बेताने घ्या. पावडरच्या महागड्या डब्यांची गरज नाही. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, कारण साखर वाढली की जखम चिघळते आणि खांदा आखडतो. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. त्या दुखण्याने त्यांचे शरीर किती पोखरले हे आपण जाणतो. त्यांच्या लेकरांनी तरी साखरेची तपासणी टाळू नये.

तंबाखू, मिश्री, बिडी, गुटखा यांतले निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते. रक्त कमी पोहोचले की कंडरा आणि हाड उशिरा जुळते, कधी जुळतच नाही. दारू पिऊन पडल्याने शिवलेला खांदा पुन्हा फाटतो. पंचशीलातले पाचवे शील इथे थेट औषधाचे काम करते.

घरकाम कोण करणार?

हा प्रश्न डॉक्टर सहसा विचारत नाहीत, म्हणून आम्ही विचारतो. पुरुषाचा खांदा शिवला की घरातली बाई त्याचे सगळे करते. बाईचा खांदा शिवला की तीच तिसऱ्या आठवड्यात एका हाताने कणीक मळताना दिसते. पाणी, धुणे, झाडू, भांडी, वाकून चूल, लहान मुलाला कडेवर घेणे, हे सगळे खांद्याचेच काम आहे. पाण्याने भरलेल्या मोठ्या हंड्याचे वजन पंधरा किलोच्या आसपास जाते. चहाच्या कपाची परवानगी असलेल्या खांद्यावर तो चढवला तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच घरात बसून कामे वाटून घ्या. पाणी कोण भरणार, धुणे कोण धुणार, भाकरी कोण थापणार हे नावानिशी ठरवा. मुलगा दहावीत असला तरी सकाळी दोन हंडे भरू शकतो. समता सभेत मानायची आणि मोरीपाशी विसरायची, असे चालणार नाही.

पगार आणि रजेचा हक्क

लोक लवकर कामावर जातात ते हौसेने नाही. चूल पेटावी म्हणून जातात. त्यामुळे हक्क माहीत असणे हा उपचाराचाच भाग आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला गेला. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि पुढे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआयचा कायदा झाला. तारापूर एमआयडीसीत ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांच्यामागे हा इतिहास आहे.

सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. ठेकेदाराकडे असलात तरी हक्क जात नाही. उपचार कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला मिळतात. आजारपणाच्या रजेत, ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर, वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते. खांदा कामावरच्या अपघातात गेला असेल तर कामावर जाण्याइतके बरे होईपर्यंत ९० टक्के मिळते. म्हणून अपघात झाला त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद करून घ्या. "नंतर बघू" म्हणणाऱ्या सुपरवायझरवर विसंबू नका. रजेचा दाखला ईएसआयच्या डॉक्टरकडून दर वेळी वाढवून घ्या. ईएसआय लागू नसेल आणि कामावर अपघात झाला असेल, तरी भरपाईची जबाबदारी मालकावर येते. त्यासाठी युनियन किंवा कामगार आयुक्तांचे कार्यालय गाठा.

ईएसआय नसलेल्या घरांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता ती राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू असून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात येतात. मात्र ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या ऑपरेशनांसाठीच. त्यामुळे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. तुमचे ऑपरेशन, लागणारी प्लेट किंवा स्क्रू आणि नंतरची फिजिओथेरपी यांतले काय बसते, काय नाही, ते आधीच विचारा.

यांतले काही दिसले तर लगेच रुग्णालय

• ताप, थंडी, जखमेतून पू किंवा दुर्गंधी
• बोटे निळी, थंडगार पडणे
• दोन दिवसांनंतरही हात बधिर राहणे
• पोटरी किंवा हात अचानक खूप सुजणे
• छातीत दुखणे, धाप लागणे, घाम फुटणे
• पडल्यानंतर किंवा हिसका बसल्यानंतर हात उचलेनासा होणे

यांत रविवार, सण, जयंती पाहू नका.

विहारातून काय करता येईल

भगवंतांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण वर्षावासात ऐकतो. एक आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. भगवंतांनी आनंदासोबत त्याला स्वतः आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर निजवले. मग इतरांना विचारले की याची सेवा का केली नाही. उत्तर आले की तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवंतांनी त्यांना समजावले की तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर दुसरे कोण घेणार.

आज ठेकेदार हेच म्हणतो, की हात चालत नाही, तू उपयोगाचा नाहीस. आपल्या वस्तीने तसे म्हणू नये. प्रत्येक विहारात तीन गोष्टी सहज होऊ शकतात. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास ऑपरेशन झालेल्यांनी एकत्र व्यायाम करायचा. एकट्याने घरी कंटाळा येतो, चार जण सोबत असले की होतो. विहाराच्या भिंतीवर एक पट्टी रंगवून ठेवली तर रेघा तिथेच मारता येतील. दुसरे, महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने मिळून अशा घरी पहिले सहा आठवडे पाणी भरण्याची पाळी लावायची. तिसरे, कागद वाचता येणाऱ्या एका मुला-मुलीने ईएसआय आणि जन आरोग्य योजनेचे कागद तपासून द्यायचे.

हे पान कापून घराच्या भिंतीला लावा. ज्यांच्या घरी ऑपरेशन झाले आहे किंवा व्हायचे आहे त्यांना वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना टप्पे तोंडी समजावून सांगा. सहा आठवडे सांभाळायचे, पुढचे सहा आठवडे मोकळे करायचे, मग ताकद आणायची. या क्रमात घाई नको आणि भीतीही नको. मज्झिम मार्ग आपल्याला नवीन नाही.

जय भीम.